चौथ्या चोरास खुले पत्र

लॉनवाले भाऊ,



पत्रात तुमचं नाव घालत नाही. आपल्या आळीला ते सांगावं लागत नाही, आणि आळीबाहेर सांगून उपयोग नाही. पण तुम्ही चोर आहात हे मला चारचौघांत सांगायचं आहे, म्हणून हे पत्र तुमच्या घरी न पाठवता उघड लिहितो आहे.

शब्द विचार करून वापरला आहे, आणि तो तुमच्याच घरून आलेला आहे. तुमच्या लॉनच्या जागी केळीची आणि पानवेलीची वाडी होती, तेव्हा उन्हाळ्यात तुमचे वडील विहिरीपाशी बाज टाकून झोपायचे. मी त्यांना काका म्हणायचो. आम्ही पोरं त्यांच्या आजूबाजूला गोधड्या पसरून पडायचो. काकांकडे घड्याळ नव्हतं. उत्तरेचे सप्तर्षी दाखवून ते सांगायचे, ही चार चांदण्यांची म्हातारीची खाट, आणि ही मागची वाकडी रांग म्हणजे खाट पळवायला आलेले तीन चोर. चोर रात्रभर चालतात, म्हातारी रात्रभर जागी असते, खाट काही त्यांच्या हाती लागत नाही. खाट पश्चिमेला कलंडली की काका उठायचे आणि रहाटाला बैल जुंपायचे. तुमच्या घरात जे काही आलं ते त्या पाण्यावर आलं.

त्या तीन चोरांनी इतक्या पिढ्यांत खाटेचा एक खूरही हलवला नाही. तुम्ही तीन वर्षांत अख्खी खाट नेलीत. चार खुरांपैकी अत्री सगळ्यात मंद, तो आधी दिसेनासा झाला. आता तुमच्याकडे लग्न असलं की पुलह आणि पुलस्त्यही शोधावे लागतात. वसिष्ठाच्या शेजारची अरुंधती सप्तपदीनंतर नवऱ्यामुलीला दाखवायची आपली रीत. तुमच्या लॉनवर ज्यांची लग्नं लागतात त्यांना ती तिथून दिसत नाही, कारण तिच्यावर तुमचा फोकस आहे.

कुंपणाच्या चार कोपऱ्यांवर दोनदोनशे वॉटचे पांढरेफेक एलईडी फोकस, प्रत्येकाचं तोंड आडवं, म्हणजे निम्मा उजेड जमिनीवर आणि निम्मा माझ्या गच्चीवर आणि त्याच्याही वर. कमानीवर दोन शार्पी, ज्यांचे झोत ढगांवर फिरतात. जेवणावळ साडेदहाला उठते, वरात अकराला पांगते, मांडववाल्यांचा टेम्पो बाराला निघतो. फोकस पहाटे सहापर्यंत जळतात. गवतावर, रिकाम्या खुर्च्यांवर, साखळीला बांधलेल्या एका कुत्र्यावर.

आता नेमकी चोरी कोणती झाली ते सांगतो, तारीखवार.

26 फेब्रुवारी 2025, महाशिवरात्र. माघ वद्य चतुर्दशी. चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही, म्हणजे वर्षातल्या सर्वांत काळ्या रात्रींपैकी एक, आणि पावसाला अजून तीन महिने. अर्धी वसई तुंगारेश्वरला गेलेली. मी गच्चीवर आठ इंची आरशाची दुर्बीण लावून बसलो होतो. वापरलेला कॅमेरा, आणि पृथ्वी फिरते त्याच्या उलट तितक्याच गतीनं फिरून ताऱ्याचा माग धरणारं माउंट. ते नीट चालायला त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. आपल्या वसईत ध्रुव क्षितिजापासून साडेएकोणीस अंशही वर नाही. उत्तरेला सात मजले उठले तेव्हापासून तो मला दिसत नाही, इतर ताऱ्यांच्या हालचालीवरून हिशेब करून तासभर जुळवणी करतो. बिल्डिंगची माझी तक्रार नाही, तिच्यात माणसं राहतात. तुमच्या उजेडात कुणी राहत नाही.

त्या रात्री मला सिंह राशीतल्या तीन दीर्घिकांचं छायाचित्र घ्यायचं होतं. पूर्वा फाल्गुनीच्या दोन ताऱ्यांपैकी दक्षिणेकडच्या ताऱ्याजवळ त्या आहेत: एम 65, एम 66 आणि एनजीसी 3628. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखंच अब्जावधी ताऱ्यांचं स्वतंत्र गाव. या तिघी साडेतीन कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहेत. तुंगारेश्वरच्या डोंगराचा काळा दगड ज्या लाव्हारसाचा झाला तो थंड होऊन सुमारे तीन कोटी वर्षं गेली होती, आणि माणूस व्हायला अजून तीन कोटींहून अधिक वर्षं होती, तेव्हा तो प्रकाश तिथून निघाला. आणि योग पाहा, आपल्या वसईवरून या तिघी माथ्यापासून जेमतेम सहा अंश दक्षिणेनं जातात. आपल्या दमट हवेत माथ्यावरचंच आकाश सगळ्यात निवळ असतं, कारण तिथे हवेचा थर सगळ्यात कमी. त्या रात्री दीडच्या सुमारास त्या तिथे येणार होत्या. यासाठी मी अख्खं वर्ष थांबलो होतो.

साडेबाराला सुरुवात केली. एक मिनिटाची एक फ्रेम, अशा 180 फ्रेमा. पहिली लॅपटॉपवर उघडली. तारे होते. पण तारे सोडून उरलेली जागा, जी काळी हवी, ती ताकासारखी पांढुरकी होती, वर निळसर झाक, आणि तुमच्या लॉनच्या बाजूचा कोपरा अधिकच उजळलेला. नळीच्या तोंडावर जुन्या छत्रीचं काळं कापड गुंडाळून पुढे हातभर काढलं. कोपरा थोडा निवळला, ताक तसंच राहिलं. एक वाजून दहा मिनिटांनी तुमच्या कुणा पाहुण्याच्या हट्टापायी शार्पी पुन्हा सुरू झाल्या आणि 23 फ्रेमांमधून त्यांचे झोत आडवे गेले. दोननंतर दव पडू लागलं, तेव्हा मी आरशाच्या मागच्या हीटरची वायर तपासत होतो आणि मला टॉर्च लावावा लागला नाही. फाल्गुन तोंडावर आलेला असताना, अमावास्येच्या आदल्या रात्री, मी माझ्याच गच्चीवर घड्याळातला सेकंदकाटा वाचत होतो.

सकाळी सगळ्या फ्रेमा एकावर एक रचल्या. एम 66 आणि एम 65 चे गाभे दोन पुसट डाग म्हणून आले. एनजीसी 3628 आली नाही. ही दीर्घिका आपल्याला कडेनं दिसते, आणि तिच्या पोटातून धुळीचा काळा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, मधोमध चिरलेल्या लांबट पावासारखा. त्या पट्ट्यासाठीच मी जागा होतो. त्याच्या जागी ताक होतं.

तुमच्या दोन शार्पींचा दोष खरं तर लहान आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. झोत 23 फ्रेमांत असले तरी उरलेल्या 157 फ्रेमांशी ताडून संगणक ते वगळू शकतो. रात्रभर एकसारखा जळणारा फोकस वगळता येत नाही, कारण तो प्रत्येक फ्रेममध्ये आहे. तुम्ही म्हणाल, एकसारखा आहे ना, मग तेवढा वजा करा. वजा होते ती त्याची सरासरी. प्रकाश नळाच्या धारेसारखा येत नाही, पावसाच्या थेंबांसारखा येतो, कधी चार जास्त, कधी चार कमी. ही जी कमीजास्त टिपटिप, ती वजा होत नाही, आणि दीर्घिकेच्या कडा त्या टिपटिपीहून मंद असतात. होळी बाजारात संध्याकाळच्या गर्दीत कुणी कानाशी कुजबुजलं तर गलका वजा करून ते ऐकू येत नाही, तसं आहे हे.

मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘मग फिल्टर लावा की.’ तुम्ही चांगल्या मनानं म्हणालात असं धरून उत्तर देतो. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते. त्यांचा बराचसा प्रकाश एका पिवळ्या रंगाच्या अरुंद पट्ट्यात असायचा, तेवढाच अडवणारी काच लावली की आकाश बऱ्यापैकी परत मिळायचं. तुमचा पांढरा एलईडी निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग ओततो, आणि निळा जास्त. निळा प्रकाश हवेत सगळ्यात जास्त विखुरतो, दिवसा आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघासारखे वायूचे ढग हायड्रोजनच्या ठरावीक तांबड्या रंगात चमकतात. तेवढाच रंग आत सोडणारी काच लावून ते भर शहरातूनही टिपता येतात, आणि मी टिपले आहेत. दीर्घिकेला ती पळवाट नाही. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश, त्यातही निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग. तुमचा फोकस अडवणारी काच दीर्घिकाही अडवते. शहराच्या उजेडापुढे सगळ्यात असहाय कोण असेल तर ती दीर्घिका.

यातला हिशेब सोपा आहे. खऱ्या अंधाऱ्या आकाशाच्या तुलनेत मोठ्या शहराचं आकाश, तेज मोजायच्या एककात म्हणजे प्रतींत, चार प्रतींनी उजळ असणं नवलाचं नाही, आणि चार प्रती म्हणजे सुमारे चाळीस पट. मंद दीर्घिकेचं जे चित्र अंधारात एका तासात मिळतं, त्याला तिथे चाळीस तास लागतात. आपल्याकडे पावसाचे चार महिने गेले, धुकं आणि धुरकं गेलं, चांदण्या रात्री गेल्या की वर्षाला चाळीस चांगले तास जेमतेम उरतात. तुमच्या फोकसनं माझं वर्ष एका तासावर आणलं आहे.

तुमचं दुसरं वाक्य होतं, ‘छंद आहे ना तुमचा, मग डोंगरावर जावं.’ जातो. हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्तानं मुंबईत खगोल मंडळ उभं राहिलं, तेव्हापासून किती पोरांनी वांगणीला जाऊन पहिल्यांदा आकाश बघितलं आहे. मीही त्यातलाच. दुर्बीण, माउंट, वजनं आणि बॅटरी मिळून चाळीस किलो होतात, ते घेऊन वर्षातून दोनदा जाणं होतं. पण या वाक्यामागचा समज मला मान्य नाही. जमीन तुमची, सातबारा तुमचा. आकाशाचा सातबारा कुणाच्या नावावर नाही, म्हणून त्यावर बांधकाम करायला तुम्ही मोकळे होत नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावला तर पोलीस येतात, कारण 2000 साली आवाजाचे नियम झाले आणि राहत्या वस्तीत रात्री 45 डेसिबलची मर्यादा ठरली. तुम्ही तो नियम पाळता, दहाला डीजे बंद करता, हे मी बघितलं आहे. उजेडासाठी असा आकडा आपल्याकडे कुणी ठरवलेला नाही. तुम्ही जुमानता ते पोलिसाला, शेजाऱ्याला नाही, एवढंच त्यातून मला कळलं.

आणि सुरक्षा. रात्रभर उजेड असला की चोरी होत नाही, असं तुम्ही म्हणता. एकदा तुमच्या वॉचमनच्या खुर्चीवर बसून बघा. मी बसलो आहे, त्याच्याबरोबर चहा घेत. समोरचा फोकस थेट डोळ्यांत येतो आणि त्याच्या मागचं कुंपण, गेट, रस्ता सगळं काळंमिट्ट होतं. कुणी फोकसच्या बुडाशी येऊन उभा राहिला तर तो दिसणार नाही. दिव्याचं तोंड खाली असतं तर कुंपण दिसलं असतं, माणूस दिसला असता आणि निम्म्या वॉटमध्ये काम झालं असतं.

उजेडानं दुर्बिणी कशा मरतात हे जगानं फार पूर्वी बघितलं आहे. अमेरिकेत माउंट विल्सनवर शंभर इंची आरशाची दुर्बीण आहे. तिच्यावरूनच एडविन हबलनं 1923 साली देवयानी दीर्घिकेतला एक ताऱ्याचा ठिपका पकडला आणि ती दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे दाखवून दिलं. पायथ्याशी लॉस एंजेलिस शहर वाढत गेलं आणि पुढे दुर्बिणीच्या फोटो-प्लेटा उजेडानं भरू लागल्या. मग महायुद्ध आलं. हवाई हल्ल्याच्या भीतीनं शहरात रात्री दिवेबंदी झाली. वॉल्टर बाडे नावाचा खगोलशास्त्रज्ञ जर्मन नागरिक होता, म्हणून त्याला युद्धाच्या कामात कुणी घेतलं नाही, तो दुर्बिणीपाशीच राहिला. 1943 च्या त्या अंधाऱ्या रात्रींत त्यानं देवयानीच्या गाभ्यातले सुटे तारे पहिल्यांदा टिपले. तोवर तो गाभा म्हणजे सगळ्यांना नुसता धुराचा गोळा वाटायचा. तारे दोन वेगळ्या जातींचे असतात, तरुण निळसर आणि जुने तांबूस, हे त्यातून कळलं, आणि तोच धागा धरून बाडेनं पुढे दाखवलं की देवयानी वाटत होती त्याच्या दुप्पट दूर आहे. विश्वाचं माप दुप्पट झालं, कारण एका शहरानं काही रात्री दिवे मालवले. युद्ध संपलं, दिवे परत आले, आणि ऐंशीच्या दशकात ती दुर्बीण शहराच्या उजेडापायी बंद करावी लागली. पुढे ती पुन्हा सुरू झाली, पण तसं आकाश तिला परत मिळालं नाही.

2023 साली ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास आला. जगभरच्या हौशी माणसांनी 2011 ते 2022 मध्ये नोंदवलेल्या एक्कावन्न हजारांवर निरीक्षणांवरून असं निघालं की आकाशाचा उजेड सरासरी वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास वाढतो आहे. ज्या गावात मूल जन्मलं तेव्हा अडीचशे तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचं होईल तेव्हा शंभर दिसतील. हा आकडा मला कुणी वाचून दाखवायला नको होता. माझ्या शेजारची सातवीतली मुलगी गच्चीवर येते. तिनं जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ शाळेच्या लायब्ररीतून आणलं होतं. नारळीकर 20 मे 2025 ला गेले तेव्हा ती सांगायला आली होती. तिनं मला विचारलं, ‘काका, पुस्तकात आकाशगंगा म्हणजे पांढरा पट्टा लिहिलाय, तो कुठल्या महिन्यात येतो?’ तिला वाटलं ती पावसासारखी मोसमी गोष्ट आहे. तिला सांगावं लागलं की तो पट्टा रोजच डोक्यावरून जातो, आपल्याला दिसत नाही. का, हे तिनं विचारलं नाही. ती तुमच्या कमानीकडे बघत होती.

2025 च्या अखेरीस पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी विश्वाचं वय अवघं दीडशे कोटी वर्षं होतं तेव्हाची एक दीर्घिका शोधल्याचं जाहीर झालं, नीटस दोन भुजांची सर्पिल, आणि तिचं नाव त्यांनी ठेवलं अलकनंदा. इतक्या लवकर इतकी घडीव दीर्घिका असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती सापडली जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत. ती दुर्बीण पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर आहे, तिथवर तुमचा फोकस पोचत नाही. पण तिची चित्रं वाचणारी माणसं इथलीच असतात, आणि अशी माणसं लहानपणी कुठल्या तरी अंगणात मान वर करून उभी राहिलेली असतात. तुम्ही दुर्बीण आंधळी केलीत हा माझा तोटा आहे. तुम्ही त्या मुलीचं अंगण आंधळं केलंत, हा गुन्हा मी त्याहून मोठा धरतो.

दिवे ठेवून आकाश अंधारं राखणं अशक्य आहे, असं मला सांगू नका. नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले लावले. वाघोलीत आकाश बघायला वेधशाळा बांधली. ती गावं अंधारात बुडालेली नाहीत. रस्ते दिसतात, माणसं ये-जा करतात आणि वर आकाशगंगा दिसते. जंगलालगतच्या चार गावांना जे जमलं ते वसईच्या एका लॉनला न जमायला काही कारण नाही.

माझं मागणं एवढंच आहे. फोकसचं तोंड जमिनीकडे करा आणि वर पत्र्याची टोपी बसवा. पांढऱ्याऐवजी पिवळसर, 3000 केल्व्हिनच्या आतले दिवे घ्या. पाहुणे गेले की टायमरनं बंद होऊ द्या, आणि कुंपणाला माणूस हलला तरच पेटणारे सेन्सरचे दिवे ठेवा. शार्पी दहाला डीजेबरोबर बंद. तुमचं वीजबिल कमी होईल, पण त्यासाठी करू नका. काकांसाठी करा.

येत्या महाशिवरात्रीला, 15 फेब्रुवारी 2026, रविवारी, मी पुन्हा त्याच तीन दीर्घिका लावणार आहे. या वेळी त्या दोन-सव्वादोनला माथ्यावर येतील. ती मुलगी येणार आहे, तिच्या घरच्यांची परवानगी मिळाली आहे. तुम्हीही या. तुमचे फोकस ज्या पट्ट्यांवर बसवले आहेत त्यांना प्रत्येकी दोन बोल्ट आहेत, मी खालून बघितलेत. तेरा नंबरचा पाना लागतो, तो माझ्याकडे आहे.

तुमचा शेजारी